मिटलेल्या कळ्यांचा फोटो

९ ऑगस्ट २०१७, बुधवार
रोहिणखेड

आज ब्लॉग उघडला. दुपारी भांडी आवरून झाल्यावर शेखरचा जुना लॅपटॉप मांडीवर घेतला, फोनचं नेट त्याला जोडलं आणि बसले. नाव सुचायलाच तासभर गेला. कापसावर लिहायचं म्हटलं की जो तो 'पांढरं सोनं' म्हणतो, म्हणून ते आधीच बाद केलं. शेवटी ठेवलं 'पाते, फूल, बोंड', खाली नुसतं 'अनुपमा'. पऱ्हाटीला (कापसाच्या झाडाला इथं हेच म्हणतात) आधी पाते येतं, म्हणजे बारकी तीनकोनी कळी, मग फूल, मग बोंड. हा क्रम मला लग्नानंतर कळला. माझे वडील उंद्रीला मास्तर, आमच्या घरी वावर-शेत नव्हतं, पऱ्हाटी मी एसटीच्या खिडकीतून पाहिली तेवढीच. आता चार एकर पऱ्हाटी घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि ती मला रोज वेगळी दिसते. ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

शेखर संध्याकाळी मोताळ्याहून आला. तिथल्या शाळेत तो प्रयोगशाळा सांभाळतो. (वहीत मी त्याला अरेतुरे करते. तोंडावर अहोजाहो.) ब्लॉग दाखवला.

"वाचनार कोन?"

"तुम्ही."

"मी त तुले रोजच आयकून राह्यलो."

तरी पहिला वाचक तोच.

१३ ऑगस्ट, रविवार

घरात वाजलं. जेवताना शेखरनं विषय काढला, की पुढच्या गुढीपाडव्यापासून वावर शेषरावांना ठोक्यानं देऊन टाकू. शेषरावांचं वावर आमच्या धुऱ्याला, बांधाला लागून. ठोका म्हणजे वर्षाचं ठरवून त्यांनी द्यायचं आणि वावर त्यांनीच कसायचं. आपण धुऱ्यावरून बघायचं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई सत्यभामाबाई, यांनी घास खाली ठेवला. "माह्या हातापायाले काय झालं?"

"झालं नाही म्हनूनच म्हनतो. होयाची वाट पाहू का?"

मामंजी गेल्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून हे वावर आईंनी एकटीनं केलंय. गावात त्यांच्या नजरेला मान आहे. शेजारच्या पुष्पाबाईंची पऱ्हाटी पिवळी पडली की त्या आधी इथं येतात, मग औषधाच्या दुकानात जातात. अशा बाईला 'वावर दे' म्हणायला शेखरची जीभ कशी उचलली, मला कळेना.

शेवटी असं ठरलं. यंदाचा कापूस नीट आला तर वावर आईंकडे, त्या आहेत तोवर. नाही आला तर पाडव्याला शेषराव. आई म्हणाल्या, "हाव." आणि जेवण पुढे सुरू झालं. मला मात्र भाजी गोड लागेना. वावर गेलं तर आईंचं काय उरेल, हाच विचार येत राहिला. आणि खरं लिहायचं तर, माझंही काय उरेल?

१९ ऑगस्ट, शनिवार

आई हल्ली वावरात जाताना मला बरोबर नेतात. आधी नेत नव्हत्या, मी तासातली, म्हणजे ओळीतली, रोपं तुडवते म्हणून. आता म्हणतात, "चाल वं, सोबत होते." माझा हात धरून धुऱ्यावरून चालतात. जाऊबाई नाही, नणंद नाही, त्यामुळे सगळी माया माझ्याच वाट्याला.

गंमत म्हणजे त्यांना माझं वर्णन आवडायला लागलंय. धुऱ्यावर उभं राहून म्हणतात, "सांग बरं, कसं दिसून राह्यलं?" मग मी सुटते. पानांवर ऊन कसं घरंगळतंय, ढगांची सावली पऱ्हाटीवरून कशी चालत गेली. त्या मधेच विचारतात, "पानं खालून लाल हायत का?", "शेंडे मुरडले का?" मी तेही सांगते आणि पुन्हा ढगांवर येते. आज म्हणाल्या, "तुह्यं बोलनं आयकलं की वावर पाह्यल्यासारखं वाटते." एवढी दाद मला कॉलेजातही मिळाली नव्हती.

जेवताना भातात खडा लागला. तांदूळ आईंनी निवडले होते. मी मुकाट गिळला. बहुतेक माझी परीक्षा चालू आहे.

२१ ऑगस्ट, सोमवार

पोळा. आमच्याकडे बैल नाहीत, म्हणून शेषरावांच्या जोडीला आईंनी पुरणपोळी भरवली. शिंगांवरून हात फिरवत फिरवत तोंडापर्यंत नेला. किती वेळ त्या बैलाचं तोंडच चाचपत होत्या. मला भरून आलं.

२७ ऑगस्ट, रविवार

आज फोटो काढला! ब्लॉगच्या डोक्यावर आडवी पट्टी असते, हेडर म्हणतात, तिथं ब्लॉगवाल्यांनी दिलेला कुठल्या तरी समुद्राचा फोटो होता. रोहिणखेडात समुद्र कुठला?

सकाळी उन्हं कोवळी असतानाच शेखरचा फोन घेऊन गेले. फुलं लागलीत. पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मिटतं. एका फांदीवर दोन्ही रंग. पण मला सगळ्यांत आवडल्या त्या वेगळ्याच कळ्या. बाकीची फुलं सताड उघडी आणि मध्येच एखादी घट्ट मिटलेली, पाकळ्यांना पीळ पडलेला, अगदी गुलाबाच्या कळीसारखी. ऊन वर आलं तरी उमलत नाही. जणू आत काहीतरी राखून ठेवलंय. मी तास धरून चालत गेले तर अशा बऱ्याच दिसल्या. कडेच्या झाडावर तर तीन एकत्र. तेच झाड डाव्या हाताला धरून फोटो घेतला.

आई धुऱ्यावर बसल्या होत्या. नेहमीसारखं विचारलं, "सांग."

मी सांगितलं, "फुलं उमलली हायत आई, पन काही कळ्या अजून लाजून राह्यल्या. मिटून बसल्या. गुलाबावानी."

"लई हायत का?"

"हाव, भरपूर."

त्या खूश झाल्या. "म्हंजे बहार अजून फुढं हाय. येऊ दे." परत येताना गुणगुणत होत्या.

२८ ऑगस्ट, सोमवार

फोटो चढवला. हे काय झालं? फोनवर काचेसारखा स्वच्छ, ब्लॉगवर गेला की ओल्या फडक्याआडून पाहिल्यासारखा. फुलांचे ठिपके, पानांचा लगदा. शेखर म्हणाला, "धुक्यात काढला का?" त्याच्याशी बोलले नाही.

तरी वाचणाऱ्या चौघीपाचजणी म्हणाल्या, 'वा, सुंदर.' त्यांनी फोटो पाहिला की माझं मन राखलं?

१ सप्टेंबर, शुक्रवार

माझं डोकं असं चाललं की फोटो लहान पडतोय, तर मोठा करू. ओढून दीडपट केला. आता लगदाही दीडपट.

हट्टानं आईंना दाखवला. एका बाजूला फोनमधला खरा, एका बाजूला ब्लॉगवरचा. "कोनता चांगला सांगा."

त्यांनी मान पुढे केली, मग मागे घेतली. "दोन्ही सारखेच हायत."

"नीट पाहा न आई!"

"पाह्यलं न. सारखेच." आणि उठून चुलीकडे गेल्या. मला वाईट वाटलं. माझ्या छंदाला त्या काही म्हणत नाहीत, पण त्यांना त्याचं कौतुकही नाही. वावरात ऐकतात ते बहुधा वेळ जायला.

६ सप्टेंबर, बुधवार

मोताळ्याला गेले, बाजाराचं निमित्त करून. आसिमभाईंच्या फोटो स्टुडिओत. शेखरचे वर्गमित्र, आमच्या लग्नाचा अल्बम त्यांचाच. लॅपटॉप पुढे केला. त्यांनी फोटो पाहिला आणि डॉक्टरसारखं विचारलं, "वहिनी, हा फोटो कितीक हातांतून गेला?"

मी सांगितलं. शेखरच्या फोनातून व्हॉट्सअॅपनं माझ्या फोनात, तिथून पुन्हा तसाच लॅपटॉपात, तिथून ब्लॉगवर.

"म्हंजे नकलेची नक्कल, तिची नक्कल. दर टायमाले बारीक होऊन राह्यला तो. असल कुठं हाय?"

असल! शब्द किती छान. असल फोटो शेखरच्या फोनातच पडून होता, कुणी त्याला बोलावलंच नव्हतं.

मग त्यांनी शिकवलं आणि मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. फोटो केबलनं घ्यायचा. ब्लॉगच्या पट्टीची रुंदी मोजायची, माझी निघाली अकराशे ठिपक्यांची, आणि माझा फोटो सातशेचा. ब्लॉग बिचारा तो ताणत होता. "बरोब्बर मापाचा कापून द्या. मंग ब्लॉगले त्याले हात लावाची गरजच नाही. तो हात लावते तिथंच बिघडते." 'जागेत बसेल असा लहान करा' अशी एक खूण आपोआप झालेली असते, ती काढायची. धार, म्हणजे कडा ठळक करणं, शेवटी द्यायची, मापात आणल्यावर, एकदाच. आधी धार दिली आणि मग लहान केला तर कडा करपल्यासारख्या दिसतात. आणि ब्लॉगचं नाव फोटोवर लिहायचं नाही, अक्षरं फुटतात.

चहा पाजला. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "फोटो साफ झाला की मले दाखवजा."

९ सप्टेंबर, शनिवार

लॅपटॉपवर साफ! पान न् पान मोजावं. नाचायचं तेवढं बाकी होतं. मग फोनवर उघडून पाहिला तर पुन्हा मऊ, लोण्यासारखा. आसिमभाईंना फोन केला. ते हसले. "फोनचे ठिपके दाट असतात वहिनी. दुप्पट रुंदीचा द्या, बावीसशेचा. मंग दोन्हीकडं चालते."

१० सप्टेंबर, रविवार

झालं. असल फोटोतून नवीन कापला, बावीसशे रुंद, धार एकदाच, खूण काढली, चढवला. फोनवरही साफ. दोन बोटांनी मोठा करत गेले तर पानावरची लव दिसते. डाव्या झाडावरच्या तीन मिटलेल्या कळ्या तर इतक्या स्पष्ट, की पाकळ्यांच्या पिळात बारीक जाळीसुद्धा दिसते. कोळ्याच्या धाग्यासारखी. मी खाली ओळ लिहिली, 'अजून न उमललेल्यांसाठी.' आज दिवसभर मी जमिनीवर नव्हते.

आईंना दाखवला. "चांगला हाय," म्हणाल्या. नजर माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठे तरी होती. जाऊ दे.

१२ सप्टेंबर, मंगळवार

ब्लॉगवर एक नवा माणूस आलाय. नाव उकंडराव, देऊळगाव राजाकडचे, वय दिलेलं नाही पण लिहिण्यावरून थोराड वाटतात. त्यांनी लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवते.

'ताई नमस्कार. तुमचा जुना फोटो पाहिला होता त्यात काही कळत नव्हतं. आता साफ आहे म्हणून लिहितो. डाव्या हाताच्या झाडावर तीन फुलं आहेत त्या कळ्या नाहीत. ती डोमकळी आहे. आत गुलाबी अळी बसलेली असती. ती धाग्यानं पाकळ्या शिवून घेती म्हणून फूल उघडत नाही. उद्याच्याला एक फोडून पाहा. सोडून दिलं तर अळी बोंडात जाईल. आमच्याकडं निघाली आहे. बीटी असली तरी.'

मी पाच वेळा वाचलं. डोमकळी हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. बीटीला अळी लागत नाही, हे तर बियाण्याच्या पिशवीपासून गावातल्या पारापर्यंत सगळे म्हणतात. म्हातारे चुकत असतील. पण ती जाळी? कोळ्याचा धागा मला दिसला होता आणि मी त्यावर ओळ लिहून मोकळी झाले होते.

१३ सप्टेंबर, बुधवार

हे कसं लिहू?

सकाळी शेखर गेल्यावर आईंना म्हटलं, वावरात चला. त्याच झाडापाशी गेले, एक मिटलेलं फूल तोडलं, पाकळ्या ओढल्या. फाटल्या, पण उलगडल्या नाहीत. आत अळी. बोटाच्या पेराहून बारीक, वळवळत होती. मला किळस आली आणि रडूही आलं. दुसरं फोडलं. त्यातही. पाच फोडली, चारांत निघाल्या.

"आई," म्हटलं, "हे पाहा." आणि अळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी हात वर नेला. डोळ्यांपाशी नेला. अळी त्यांच्या तळव्यावर चालत होती, उन्हात, माझ्यासमोर.

आईंनी विचारलं, "कोनत्या रंगाची हाय?"

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. भातातले खडे, बैलाचं तोंड, 'दोन्ही सारखेच', सगळं एका क्षणात येऊन उभं राहिलं. मी परीक्षा समजत होते, माया समजत होते, दुर्लक्ष समजत होते. एवढी शिकलेली मी!

"गुलाबी," मी सांगितलं.

त्यांनी मूठ मिटली. "डोमकळी होती का?"

"तुमाले ठावं हाय हा शब्द?"

"बीटीच्या आधी लई पाह्यली. फूल गुलाबावानी मिटते." त्या धुऱ्यावर बसल्या. "पंधरा साल झाले. कोनी नावच काढलं नाही तिचं, मी बी इसरली."

"आई, कधीपासून दिसत नाही?"

"दोन साल. आधी धुकं होतं, मंग ते बी गेलं. डाव्यानं उजेड समजते."

"मंग वावर कसं केलं?"

"मांगच्या साली हातानं. औंदा तुह्या तोंडानं."

मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. मी ढग सांगितले, ऊन सांगितलं. आणि अळी दिसली तेव्हा कळी सांगितली. गुलाबावानी, असं मीच म्हणाले होते, अगदी त्याच शब्दात.

"मी गुलाबावानी म्हनलं तवा तुमाले कसं आठोलं नाही?" मी रडत रडत त्यांच्यावरच उखडले.

"तू लाजते म्हनलं, गुलाब म्हनलं. तू त दगडाले बी गुलाब म्हनते वं," त्या म्हणाल्या. चिडून नाही. थकून. "मले वाटलं, हिचं हे नेहमीचंच हाय."

मग म्हणाल्या, "शेखरले सांगू नको. अळीचं सांग. डोयाचं नको. वेचनी होऊ दे."

मी शब्द दिला. द्यायला नको होता का?

१४ सप्टेंबर, गुरुवार

फोटो काढला २७ ऑगस्टला. असल त्या दिवशीच चढवला असता तर उकंडरावांनी त्याच आठवड्यात सांगितलं असतं. पंधरा दिवस मी धूसर फोटोशी खेळत बसले आणि अळ्या बोंडांत शिरल्या. दुसरं काही सुचत नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

उकंडरावांना विचारून विचारून काम चालू आहे. डोमकळ्या दिसल्या की खुडायच्या, बादलीत साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. मोताळ्याहून कामगंध सापळे आणले, त्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग येऊन अडकतात. पहिल्याच सकाळी एका सापळ्यात चौदा.

शेखरला अळीचं सांगितलं. तोही सुटीच्या दिवशी खुडायला आला. "आईच्या नजरेतून सुटलं कसं?" तो म्हणाला. मी बादलीत पाहत राहिले. आई शांतपणे म्हणाल्या, "बीटीवर भरोसा ठेवला."

आई स्वतः खुडतात. बोटांनी फूल धरतात, उघडं असलं तर सोडतात, टणक आणि पिळाचं लागलं तर तोडतात. माझ्याहून पटापट. मी एक तास संपवते तोवर त्या पुढच्या तासाच्या मध्यावर असतात.

ब्लॉगवर सगळं खरं लिहून टाकलं. हेडरवरची ती तीन फुलं म्हणजे कळ्या नव्हत्या, मला कळलं नाही, तुम्ही तुमची पऱ्हाटी पाहा. फोटो तोच ठेवलाय. खालची ओळ काढली. शेषराव वाचून हसले म्हणे, "बीटीले कुठची अळी? सूनबाईचं कवितेचं काम हाय."

२४ सप्टेंबर, रविवार

बुलढाण्याला जाऊन आलो, आई आणि मी. घरी सांगितलं, दसऱ्याची लुगडी घ्यायला. डोळ्याच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू. उजवा गेलाय, तो येणार नाही. डावा थोडा उरलाय, रोज न चुकता थेंब घातले तर तेवढाच टिकेल. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर, असं ते म्हणायला लागले आणि थांबले. बरे गृहस्थ होते.

बसमध्ये आईंनी खिडकीची जागा मागितली. बाहेर तोंड करून बसल्या. मोताळा येईपर्यंत मी काहीच वर्णन केलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. लुगडी घ्यायची राहिली ते घराच्या दारात आठवलं. शेखरनं विचारलं तर "पसंतच नाही पडली," असं आईंनी सांगून टाकलं.

८ ऑक्टोबर, रविवार

बोंडं फुटायला लागली. चांगली चार पाकळ्यांची पांढरी फुटतात. किडकी अर्धवट उघडतात आणि आत कापूस पिवळा, चिकट. आमचं चौथाई गेलं असेल. शेषरावांचं अर्ध्याहून जास्त. ते परवा स्वतः येऊन म्हणाले, "सूनबाई, तुमचं खरं होतं." मला त्यात आनंद वाटला नाही.

पण चौथाई गेलं म्हणजे कापूस नीट आला का? शेखर म्हणतो, "नीट म्हंजे नीट." पुढच्या रविवारी वेचणी लावायची, तेव्हाच शेषरावांना बोलावून ठोक्याचं पक्कं करू म्हणतो. त्याचंही चुकत नाही. त्याला आईची काळजी आहे. त्याला डोळ्याचं ठाऊक असतं तर त्यानं आजच देऊन टाकलं असतं, आणि मला शब्द पाळायचाय. आठवडाभर मला धड झोप नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज सीतादही झाली. वेचणीच्या पहिल्या दिवशी घरची मालकीण तासाच्या तोंडाशी खडे मांडते, हळदकुंकू वाहते आणि दहीभात चारी दिशांना वावरात फेकते. त्याआधी बोंडाला कुणी हात लावत नाही. अकरा वर्षं ती आईच करतात.

सकाळी आम्ही चौघं वावरात. आई, मी, शेखर आणि शेषराव. वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर ओट्या बांधून तयार. शेषरावांनी दोन-चार ओळी फिरून पाहिल्या.

"चौथाई गेलं वहिनी," ते आईंना म्हणाले. "माह्यं अर्धं गेलं, खोटं काऊन बोलू? पन तुमचं वय झालं. पाडव्यापासून मले देऊन टाका. तरास जाईन."

शेखर हळूच म्हणाला, "आई, आपलं बोलनं झालं होतं."

"हाव, झालं होतं," आई म्हणाल्या. "कापूस नीट आला नाही. तुह्यं खरं."

त्यांनी पदरानं हात पुसले.

"अन् मले दिसत नाही, हे बी खरं."

"काय?" शेखर.

"उजवा गेला. डावा हाय जरासा. अनुपमाले ठावं हाय. मीच तिले बोलू देल्लं नाही, तिच्यावर डाफरू नको."

शेखरनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मग तो खाली बसला, तासाच्या मधोमध, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. आईंनी चाचपत त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

शेषराव म्हणाले, "मंग त वहिनी, वावर द्यायलेच पाह्यजे."

"देते न," आई म्हणाल्या. "पाडव्याची वाट काऊन पाहाची? आजच देते." त्यांनी दहीभाताची थाळी उचलली आणि माझ्या हातात ठेवली. "हिले."

"हिले?" शेखरनं डोळे पुसत मान वर केली. "आई, हिनं अळीले कळी म्हनलं. साऱ्या जगाले फोटो दाखोला."

"हाव," आई म्हणाल्या. "हिच्याकडून एक चूक होऊन गेली. शेषरावकडून व्हायची हाय अजून."

सगळ्यांत आधी हसले ते शेषरावच. मग बाया. मला हसू येईना. मला शेतीतलं काही येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि सगळे माझ्याकडेच बघत होते.

"आई, काय म्हनायचं असते?"

"काही नाही. भात घे अन् फेक. दूर फेक."

मी मूठ भरली आणि जोरात फेकली. वारा समोरून होता.

"कुठं पडला?" आईंनी विचारलं.

"माह्याच पदरावर," मी खरं ते सांगितलं.

"पडू दे," त्या म्हणाल्या. "पुन्हा फेक."